मातृभाषा : कुणाच्या आयची?

२०२५ च्या जुलैत पेणला एका वाचनालयात व्याख्यान होतं. विषय फळ्यावर खडूने लिहिलेला : 'देशोदेशींच्या शाळा आणि शिक्षणाची भाषा'. पहिलीपासून हिंदीचा जी.आर. सरकारने नुकताच, २९ जूनला, मागे घेतलेला. त्यामुळे वाचनालयातली मंडळी खुशीत होती. पेढे फिरत होते. मी गणपतीच्या कारखान्यातून सुटून तसाच गेलो, नखांत रंग घेऊन. मागच्या बाकावर बसलो. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला पोरगा सीझनला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो, यावर ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. तो वेगळा लेख आहे.)

व्याख्याते निवृत्त मास्तर. वाचन दांडगं. जपानमध्ये जपानी, जर्मनीत जर्मन, फिनलंडात फिनिश. जगातले शहाणे देश आपल्या लेकरांना आईच्या भाषेत शिकवतात आणि आपण करंटे इंग्रजीमागे धावतो. मराठी शाळा मरतायत, त्याला जबाबदार कोण? तर पालक. आणि त्यातही, आवाज जरा खाली आणून, 'नव्याने शिकलेला समाज'. हा समाज कुठला ते सगळ्यांना कळलं. दोघातिघांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

शेवटी निवेदन फिरलं. 'मराठी शाळा वाचवा.' गुरुजी स्वतः कागद घेऊन माझ्यापर्यंत आले. म्हणाले, "अरे, तुमच्या वाडीतल्याही सह्या आण. तुमच्या समाजाच्या सह्या नसल्या की निवेदन लंगडं दिसतं."

मी विचारलं, "सर, तुमचा नातू कुठल्या शाळेत आहे?"

गुरुजी हसले. "तो अमेरिकेत असतो रे. त्याचा प्रश्न वेगळा."

मी सही केली नाही. कागद घडी घालून खिशात टाकला आणि रोह्याची गाडी धरली. कासू गेलं, नागोठणं गेलं, माझं मनातल्या मनात भांडण चालूच. ते भांडण इथे लिहितोय. गुरुजी माणूस वाईट नाही. त्यांनी आयुष्यभर इमानाने शिकवलं असणार. पण त्यांनी सांगितलेला जगाचा नकाशा अर्धा आहे. आणि गाळलेल्या अर्ध्यात आम्ही राहतो.

दोस्तहो, आधी हे ठरवू. मातृभाषा म्हणजे कुणाच्या मातेची भाषा?

माझी आय 'पानी' म्हणते. 'शाला' म्हणते, 'डोला' म्हणते, 'काला' म्हणते. आमच्या बुद्धवाडीत, खालच्या आगरवाडीत, खाडीकाठच्या कोळीवाड्यात 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'ल' होतो. एकही माणूस चुकत नाही. म्हणजे हा नियम आहे, पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला. मी दुसरीत होतो. मास्तरांनी तांब्याकडे बोट दाखवून विचारलं, यात काय आहे? मी म्हणलं, पानी. ते म्हणाले, पाणी म्हण. मी म्हणलं, पानी. "अरे ण! बाणातला ण!" मी म्हणलं, बान. वर्ग खदखदून हसला. मला दारात उभं केलं. नीट म्हणेपर्यंत प्यायला मिळणार नाही, असा हुकूम. उन्हाळ्याचे दिवस. मधल्या सुट्टीपर्यंत उभा होतो. मग जीभ टाळूला लावून, रडत, कसंतरी म्हणलं. घरी आलो आणि आयला सांगितलं, "आय, तू पानी म्हनू नको. चुकीचं हाय ते." आय काही बोलली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी पाणी मागितलं की ती नुसता तांब्या पुढे ठेवायची, शब्द न उच्चारता. शाळेने मला पहिली गोष्ट शिकवली ती आयची लाज धरायची.

महाड याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्यात ओंजळ घातली. त्या पाण्यासाठी पुढे दहा वर्षं कोर्टात भांडावं लागलं. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. 'पानी' या शब्दाचा दावा अजून कुठल्या कोर्टात दाखलसुद्धा झालेला नाही.

ही पुस्तकातली शुद्ध मराठी आली कुठून? ती काही सह्याद्रीतून उगवली नाही. मोल्सवर्थसाहेबाचा कोश निघाला १८३१ साली. साहेबाच्या हाताशी पंडित, शास्त्री. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. पुढे शाळाखात्याची क्रमिक पुस्तकं. या सगळ्यांनी मेहनत केली, नाही म्हणत नाही. पण कुठला शब्द शुद्ध आणि कुठला ग्राम्य हे ज्या खोलीत ठरलं त्या खोलीत महार नव्हता, आगरी नव्हता, कातकरी नव्हता. कुणाची आयही नव्हती. चार आळ्यांची बोली घेतली, तिला छापखान्याचे कपडे चढवले आणि आम्हाला सांगितलं, ही तुझी मातृभाषा. चुकलास तर छडी.

मला निदान अर्धं तरी कळत होतं. कातकऱ्याच्या पोराला काहीच कळत नाही. कातकऱ्यांना स्वतःची भाषा आहे, आणि ती मराठीची बिघडलेली आवृत्ती वगैरे नाही. सहा वर्षांचं पोर पहिल्यांदा वर्गात बसतं तेव्हा मास्तर जे बोलतो ते त्याला लांबच्या रेडिओसारखं ऐकू येतं. ते गप्प बसतं. मास्तर शेरा मारतो : मंद. आणि आपल्या बालभारतीची पुस्तकं आठ भाषांतून निघतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू. निघावीत, आनंद आहे. सिंधी बांधव फाळणीत उजाड होऊन आले, त्यांच्या भाषेत पुस्तक मिळालं, बरं झालं. पण या पेण-रोह्याच्या डोंगरात कुणी कुदळ मारली नव्हती तेव्हापासून राहणारा कातकरी? त्याची भाषा त्या आठांत नाही. रोह्याच्या मोहल्ल्यातलं पोर घरात कोकणी बोलतं, शाळेत उर्दू शिकतं, बाजारात मराठी, कंपनीत हिंदी. त्याची मातृभाषा कुठल्या निवेदनात बसवणार, गुरुजी?

म्हणजे मातृभाषेतून शिक्षण ही गोष्ट आमच्याकडे अजून सुरूच झालेली नाही. जी सुरू झाली नाही ती वाचवायला माझी सही मागताय.

आता गुरुजींचे शहाणे देश घेऊ.

जपानी पोर जपानीतून शिकतं, खरं आहे. पण ओकिनावाची बेटं जपानातच येतात. तिथल्या शाळेत एखादं पोर आपल्या घरची बोली बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. 'बोलीची पाटी' असंच तिचं नाव. दुसरं पोर बोली बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात जायची. म्हणजे पोरांनीच पोरांवर पाळत ठेवायची! विसाव्या शतकातली गोष्ट सांगतोय. त्याआधी वेल्समध्ये वेल्श बोलणाऱ्या पोरांच्या गळ्यात असंच लाकूड लटकायचं. गळ्यात अडकवण्याचा प्रकार आम्हाला नवा नाही. पेशवाईत आमच्या गळ्यात मडकं होतं. आणि जपानच्या उत्तरेला ऐनू लोक आहेत. त्यांची भाषा जपानी शाळेनेच मोडली. तिथल्या कायद्याने त्यांना त्या भूमीचे मूळ रहिवासी म्हणून मानलं ते थेट २०१९ साली.

जपानकडून शिकण्यासारखं आहे, पण ते गुरुजींच्या भाषणात नव्हतं. जपानातही अस्पृश्य आहेत. बुराकू. चामड्याचं काम, मेल्या जनावराचं काम, गावाबाहेर वेगळी वस्ती. ओळखीचं वाटतंय ना? १८७१ च्या फर्मानाने ते कागदावर मोकळे झाले, लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी मात्र वस्तीचा पत्ता बघणं चालूच राहिलं. १९६१ साली कोची शहरातल्या नागाहामा भागात बुराकू आयांनी विचारलं, घटनेत सक्तीचं शिक्षण फुकट लिहिलंय, मग आमच्याकडून पुस्तकाचे पैसे कशाचे घेता? आणि पुस्तकं विकत घ्यायला नकार दिला. लढा पसरला. १९६३ पासून कायद्याने पाठ्यपुस्तकं फुकट मिळायला लागली. बुराकूंच्याच पोरांना नाही, सगळ्यांच्या. आज टोकियोतल्या कारखानदाराच्या पोराच्या दप्तरात फुकटचं पुस्तक असतं ते जपानच्या अस्पृश्य बायकांच्या हट्टामुळे. हा जपान वाचनालयात का सांगत नाहीत?

जर्मनीत सगळी पोरं जर्मनमधून शिकतात, पण बहुतेक राज्यांत चौथीनंतरच पोरांची वाटणी होते. एकाने कॉलेजच्या वाटेला जायचं, दुसऱ्याने पान्याच्या. तुर्कस्तानातून आलेल्या मजुरांची पोरं वर्षानुवर्षं कुठल्या वाटेला लागली ते सांगायला नको. त्यांची वाटणी दहाव्या वर्षी होते, आमची बारशाला. एवढाच काय तो फरक.

आणि एक देश गुरुजींनी साफ गाळला. दक्षिण आफ्रिका. तिथे १९५३ साली गोऱ्या सरकारने बांटू शिक्षण कायदा केला. फेरवूर्त नावाचा मंत्री. त्याने काय केलं असेल? काळ्या पोरांना मातृभाषेतून शिक्षण दिलं! एक-दोन वर्षं नव्हे, प्राथमिकची आठही वर्षं. झुलू पोराला झुलू, सोथो पोराला सोथो. ऐकायला किती गोड. हेतू उघड होता. काळ्याने आपल्या टोळीत राहावं, दुसऱ्या टोळीच्या काळ्याशी बोलू नये, जगाशी तर नाहीच नाही, आणि गोऱ्याच्या अंगणापलीकडची स्वप्नं बघू नयेत. मातृभाषा म्हणजे त्यांच्या पायातला खोडा केला. मग १९७४ साली हुकूम निघाला की वरच्या वर्गांत गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून शिकवायचे. आफ्रिकान्स म्हणजे मालकाची भाषा, पोलिसाची भाषा. १६ जून १९७६ ला सोवेटोतली हजारो पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता. त्याला दोन्ही हातांवर उचलून पळणाऱ्या पोराचा फोटो जगाने पाहिला. आफ्रिकान्सची सक्ती सरकारला मागे घ्यावी लागली. पुढे शाळांना निवड करायला मिळाली तेव्हा बहुतेकांनी इंग्रजी घेतलं. ती पोरं काय मातृद्वेष्टी होती? त्यांना कळलं होतं की कुठल्या भाषेत शिकायचं याच्याआधी एक प्रश्न असतो, ते ठरवतो कोण.

गुरुजी काही फेरवूर्त नाहीत, हे मान्य. पण स्वतःच्या नातवाला एक भाषा आणि माझ्या भाचीला दुसरी भाषा ठरवून देणारा माणूस कितीही सज्जन असला तरी मी त्याच्या कागदावर सही करताना दहादा विचार करणार.

भाषा शिकू न देण्याचा धंदाही इथलाच, तो विसरू नका. रोह्याने देशाला चिंतामणराव देशमुख दिले. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांची. त्यांच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे, त्यात खोट नाही. पण त्याच्या पाचच वर्षं आधी, १९०७ साली, मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नव्हतं. फारसी घ्यावी लागली. दोन पोरं, एकच इलाखा, एकच परीक्षा. एकाला देवभाषेची शिष्यवृत्ती, दुसऱ्याला दार बंद. ते बाबासाहेब पुढे मूकनायक मराठीत काढतात आणि जातीच्या मुळावर घाव घालणारे ग्रंथ इंग्रजीत लिहितात. का? मराठीने त्यांचं म्हणणं गावकुसाबाहेर ऐकू जाऊ दिलं नसतं म्हणून. कोलंबियाला इंग्रजी कळत होतं. जोतीबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं तेही इंग्रजीत. आणि त्यात मागणी काय? रयतेच्या पोरांना निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण द्या, रयतेच्या करातून वरच्या जातीच्या उच्च शिक्षणाची चैन थांबवा. लिपी मोडी आणि बालबोध दोन्ही शिकवा, हिशेब शिकवा, शेतीचं शिकवा. भाषेचा गळा काढला नाही जोतीबांनी. पैसा कुणाचा आणि शाळा कुणाची ते विचारलं.

आता म्हणाल, म्हणजे तू इंग्रजीवाला. थांबा.

माझा चुलतभाऊ रोह्याला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ठेक्यावर होता. दहावी पास, मराठी माध्यम, अक्षर मोत्यासारखं. एक दिवस ड्रम धुवायला सांगितला. ड्रमवरचं लेबल इंग्रजीत. पाण्यापासून लांब ठेवा, असं त्यावर लिहिलं होतं. त्याने पाईप सोडला. वाफ उसळली, कोपरापर्यंत हात सोलला. दवाखान्यात मला म्हणाला, "वाचता आलं आसतं तर..." पुढचं बोलला नाही. त्याला हातात दिलेला ठेक्याचा कागद इंग्रजीत होता. त्याच्या खाली त्याची सुंदर मराठी सही. केस पुढे गेलीच तर घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे हायकोर्टाचं कामकाजही इंग्रजीतच. जपानमध्ये ड्रमवर जपानी असतं, गुरुजी. पगाराची चिठ्ठी, दवाखाना, वरचं कोर्ट, विज्ञानाची पदवी, सगळं जपानी. इथे मराठी कंपनीच्या गेटवर वॉचमनशी बोलण्यापुरती. आधी ड्रमवर मराठी आणा, मग आमच्या भाषेवरच्या प्रेमाची परीक्षा घ्या.

म्हणून आमच्या बायका दागिना मोडून पोरांना इंग्लिश मीडियमला घालतात. त्यांना शिव्या देणाऱ्याला मी शिव्या देईन. पण त्यांची फसवणूक होतेय हेही आपणच बोललं पाहिजे, दुसरा कोण बोलणार? पेणपासून रोह्यापर्यंत रस्त्याला बोर्डच बोर्ड. कुणी इंटरनॅशनल, कुणी कॉन्व्हेंट, कुणी ग्लोबल. आत पत्र्याचं छप्पर, आणि बारावी शिकलेली टीचर, महिन्याला मजुरापेक्षा कमी पगारावर. माझी भाची अशाच एका शाळेत तिसरीत आहे. धडा घडाघडा म्हणते. मी विचारलं, रिव्हर म्हणजे काय? म्हणाली, "मामा, ते क्वेश्चन-आन्सरमध्ये नाय." दारातून कुंडलिका दिसते तिला. फी भरायला बहिणीने बचत गटाचं कर्ज काढलंय.

उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीच्या बांका गावात चंद्रभान प्रसाद यांनी २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराचा घाट घातला. त्यामागची भूक मला कळते, तिची टिंगल करणाऱ्यांची मला चीड येते. तरी सांगतो, बावीस प्रतिज्ञांनंतर आणखी एक देवी नको. इंग्रजी हत्यार आहे. हत्याराची पूजा केल्याने ते चालवता येत नाही.

टांझानियात बघा. १९६७ पासून प्राथमिक शाळा स्वाहिलीत. अभिमानाची गोष्ट. पण हायस्कूलात गेलं की सगळं इंग्रजीत. पोरं फळ्यावरचं वहीत उतरवतात, अर्थ कळो न कळो. आमच्याकडे दहावीपर्यंत मराठी आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. तिथे माझाच गळा आवळला गेला. पहिल्या चाचणीत फिजिक्सला सात मार्क. दिवाळीनंतर आर्ट्सला गेलो. आमच्या वाडीतून सायन्सला गेलेले चौघे, चौघेही परत आले. बुद्धी काय चौघांची एकाच दिवशी आटली?

मग काय हवं? अमेरिकेकडेच जाऊ, गुरुजींचा नातू आहे तिथे. मिशिगनमध्ये ॲन आर्बर गावात काळ्या गरीब पोरांना शाळेने मंद ठरवलं होतं. आमच्या कातकऱ्यांसारखंच. पोरं घरी काळ्यांची इंग्रजी बोलायची, शाळेला ती घाण वाटायची. आया कोर्टात गेल्या. १९७९ साली न्यायाधीशाने निकाल दिला : पोरांच्या घरची भाषा मास्तरांनी ओळखली पाहिजे, तिचा विचार करून त्यांना पुस्तकी इंग्रजी वाचायला शिकवलं पाहिजे, त्यासाठी मास्तरांना शिकवण्याची योजना शाळामंडळाने करावी. काय झकास निकाल! पोराला बदलायच्या आधी मास्तरला शिकवा. पुढे १९९६ साली ओकलंडच्या शाळामंडळाने काळ्यांच्या बोलीला मान्यता देणारा ठराव केला, तेव्हा अख्ख्या अमेरिकेने टर उडवली. हेच ते ओकलंड, जिथे १९६६ साली ब्लॅक पँथर जन्मले. त्यांच्यावरूनच आपण १९७२ साली नाव घेतलं. नाव घेतलं, पण बोलीचा प्रश्न आपण हातात घेतला नाही. कवितेत घेतला, शाळेत नाही. ही आपली चूक, ती गुरुजींच्या माथी मारता येणार नाही.

नॉर्वेने सामी लोकांची भाषा शाळेतून शंभरेक वर्षं हाणून पाडली. शेवटी सत्य शोधायला आयोग नेमला, त्याचा अहवाल २०२३ ला आला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या संसदेने माफी मागितली. आपल्या शिक्षणखात्याने कातकरवाडीच्या एका तरी पोराची माफी मागितली आहे का?

राहिला फिनलंड. गुरुजींनी फिनिश भाषेचं कौतुक केलं आणि मुख्य गोष्ट गिळली. फिनलंडातही आधी पोरांची लहानपणीच वाटणी व्हायची. १९७२ ते १९७७ मध्ये त्यांनी ती मोडली. सुरुवात उत्तरेच्या गरीब टोकापासून, राजधानी हेलसिंकी सगळ्यात शेवटी. नऊ वर्षं सगळ्यांना एकच शाळा, फुकट, जेवणासकट. डॉक्टरचं पोर आणि लाकूडतोड्याचं पोर एका बाकावर. तिथे स्वीडिश बोलणारे शंभरात पाच, त्यांना स्वीडिश शाळा. भाषा वेगळी, शाळेचा दर्जा एकच.

आणि इथे? परदेश बघायला विमान कशाला पाहिजे. पेण ते रोहा तासाभराचा रस्ता, तेवढ्यात चार देश लागतात. कारखान्याच्या कॉलनीतली शाळा हा एक देश, तिथे गेटवर नाव लिहावं लागतं, व्हिसाच तो. झेडपीची शाळा दुसरा देश, दोन मास्तर आणि चार वर्ग, त्यातला एक मास्तर कायम मीटिंगला. आश्रमशाळा तिसरा. आणि चौथा वीटभट्टी. दिवाळी झाली की कातकरवाडी रिकामी होते. ठेकेदाराची उचल अंगावर, पोरं-बाळं घेऊन भट्टीवर, कोळशावर. पोराच्या हातात हमी कार्ड देतात, कुठल्याही शाळेत बसता येईल म्हणून. भट्टी जिथे लागते तिथे शाळा कुठे असते ते कार्डावर लिहिलेलं नसतं. पाऊस लागायच्या आत परत. तोवर परीक्षा संपलेली.

कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगितलं होतं, सगळ्यांना समान शाळा करा, वस्तीतल्या सगळ्या पोरांना वस्तीतली एकच शाळा. फाईल बंद. २००९ च्या कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दिल्या, भाकरीचा तुकडा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने तोही काढायला बघितला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेने गरीबाचं पोर घ्यायला नको! हायकोर्टाने जुलैत तो नियम रद्द केला म्हणून वाचलो. तेव्हा वाचनालयात सभा झाली नाही. त्याआधी २०२३ ला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं. आमच्या मागच्या डोंगरावरच्या वाडीच्या शाळेचा पट अकरा. ती गेली तर सहा वर्षांच्या पोरीने पावसात ओढा ओलांडून खाली यायचं. ती पण मराठी शाळाच आहे की! तिच्यासाठी पेढेवाले रस्त्यावर आले नाहीत. हिंदीचा जी.आर. अडीच महिन्यांत परत फिरला, कारण तो त्यांच्या पोरांच्या बाकापर्यंत आला होता.

१८ ऑगस्ट २०१५ ला अलाहाबाद हायकोर्टाने उत्तर प्रदेश सरकारला आदेश दिला होता : सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या सगळ्यांनी, अधिकारी, लोकप्रतिनिधी, न्यायाधीश, आपली पोरं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. अमलात कुणी आणणार? पण रोग कुठे आहे ते त्या न्यायाधीशाने बरोबर ओळखलं होतं. रोह्याच्या साहेबाची पोरगी झेडपीत बसली तर त्या शाळेला दुसरा मास्तर आठ दिवसांत मिळेल.

घरी आलो आणि निवेदनाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं. पहिली दोन वर्षं पोराच्या घरच्या बोलीत, आणि वाडीतलंच शिकलेलं माणूस पगारी मदतनीस म्हणून वर्गात. पुस्तकी मराठी हळूहळू, छडीशिवाय. 'पानी' म्हणणाऱ्या पोराला पाणी द्यावे. इंग्रजी पहिलीपासून, पण ते येणाऱ्या मास्तरकडून. २००० सालापासून विषय आहे, मास्तर कुठाय? अकराच्या पटाची शाळा बंद करायची नाही. तालुक्यातल्या पगारदारांची आणि पुढाऱ्यांची पोरं त्याच शाळेत. आयने अंगठा दिला. वाडीतल्या एकतीस बायांनी सह्या-अंगठे दिले, सात कातकरणींनी सुद्धा.

सप्टेंबरात, सीझन संपल्यावर, कागद घेऊन पेणला गुरुजींकडे गेलो. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाले, "मुद्दे चुकीचे नाहीत रे." आणि बोलता बोलता, सवयीने, खिशातलं लाल पेन काढून 'पानी'तल्या 'नी'वर काट मारली आणि वर 'णी' लिहिलं.

मी कागद परत घेतला. आता नवीन लिहितोय, शब्द तसाच ठेवून. रविवारी सकाळी नागोठणं स्टेशनवर बसणार आहे. ज्यांना सही करायचीय त्यांनी या, अंगठा चालेल. जयभीम.